जनरल रजिस्टर आणि आजी

आजीचा वाढदिवस 1 जून. तिच्या वयाच्या निम्म्या गावाचाही तोच. पोरगं शाळेत नाव घालायला आणलं की गुरुजी अंदाजानं वर्ष ठरवायचे आणि शाळा जूनमध्ये भरते म्हणून तारीख जूनची पहिली टाकायचे. "मी भोगीला झाले, पण सरकारच्या हिशोबानं ऐन उन्हाळ्यात," असं ती म्हणायची. त्या तारखेमुळंच ती 31 मे 2001 ला निवृत्त झाली, कारण एक तारखेला जन्मलेल्याची सेवा आदल्या महिन्यातच संपते.

जिल्हा परिषदा 1962 साली आल्या, आजी पुढच्याच वर्षी बीड जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका म्हणून लागली. अडतीस वर्षं नोकरी, तीन मुलं, चार सुना-नातसुना, आणि घरात तिच्या शब्दापुढं कुणाचा शब्द नाही. रात्री ताटं वाढायच्या आधी ती सगळ्यांवरून नजर फिरवायची. आम्ही पोरं हसायचो, "बाईंनी हजेरी घेतली." एखादा नसला तर त्याची भाकरी चुलीजवळ झाकून ठेवूनच ती जेवायला बसायची.

मी 2024 साली पवित्र पोर्टलमधून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन शिक्षकभरतीतून, शिक्षणसेवक म्हणून लागले. तीन वर्षं महिना 16 हजार मानधन, मग नियमित वेतनश्रेणी. टीईटी, टेट या भरतीच्या परीक्षा, शाळांचा पसंतीक्रम याबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत, ते मी इथं उगाळत नाही. रुजू झाल्यावरचं सांगते, कारण तिथं मी चुकले.

दसरा झाला आणि आमच्या वस्तीवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, त्यामुळं जोडप्याला जावंच लागतं. नवरा-बायको मिळून मजुरीचा एक कोयता धरतात, आणि मागं पोरांना बघायला कुणी नसेल तर पोरंही ट्रकमध्ये. माझ्या वर्गातली पाच मुलं एका आठवड्यात गायब. मी हजेरीपटावर रोज गैरहजेरी मांडत राहिले. रविवारी घरी गेले तेव्हा आजीला सांगितलं, तर तिनं एवढंच विचारलं, "त्या पाचांच्या आज्या कुठं राहतात?"

मला एकीचंही घर माहीत नव्हतं.

वय एक्याऐंशी, गुडघे गेलेले, तरी ती बोट उगारून बोलली. तिच्या नोकरीत ऊसतोड्यांच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह वगैरे काही नव्हतं. दरवर्षी दोन-तीन पोरं पाडव्यापर्यंत आमच्याच पडवीत झोपायची. आता निदान सोय आहे. आजी-आजोबांकडं किंवा नातेवाइकांकडं मूल राहणार असेल तर त्याच्या जेवणाची व्यवस्था होते. पण यादी टोळी निघायच्या आधी करायला लागते, हे मला कळलं तेव्हा ट्रक निघून गेलेले. नव्या शिक्षकांनी सप्टेंबरातच वस्तीवर जावं. संध्याकाळी जावं, दुपारी घरी कुणी सापडत नाही. आणि "पोराला ठेवा" असं म्हणू नये. "म्हातारीच्यानं होईल का?" असं विचारावं, म्हणजे खरं उत्तर मिळतं.

पाचातल्या एका मुलीला तिच्या मामानं परत आणून सोडलं. तिघं पाडव्यानंतर आली. मुलं जिथं गेली तिथल्या शाळेत बसावीत म्हणून शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं, तेही मी दिलं नव्हतं. पाचवा आलाच नाही. त्याची ओळ पटावर अजून आहे.

जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाची कायमची नोंदवही, हा आजीचा खास विषय. त्यातली नोंद माणसाला दाखल्यापासून पेन्शनपर्यंत चिकटते, म्हणून ती घाईघाईत लिहायची नाही. जन्मतारीख अंकात आणि अक्षरात, खाडाखोड नाही. स्वतःवर लादलेली ती 1 जून तिनं दुसऱ्या कुणावर लादली नाही. जन्मदाखला नसेल तर आईला समोर बसवून विचारायची, "पोळ्याच्या आधी का नंतर? बाजरी काढली होती का उभी होती?" आणि जुनं पंचांग काढून तारखेच्या जवळ यायची. पंचांगांची चळत तिच्या ट्रंकेत असायची, आमच्या कुंडल्यांच्याही खाली.

आता दाखले असतात, तरी अडतंच. उसाच्या फडावर, मजुरांच्या कोपीत (झोपडीत) जन्मलेल्या मुलाचा जन्म कुठल्या ग्रामपंचायतीत नोंदवला हे आईबापालाच माहीत नसतं. अशा वेळी पोराला परत पाठवू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 14 प्रमाणं वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. अंगणवाडीच्या वहीत बहुधा नोंद सापडते, नाहीतर पालकांचं प्रतिज्ञापत्र चालतं. कार्यालयातून कुणी कटकट केली तर कलमाचा आकडा सांगायचा.

आजी गेली तेव्हा तेराव्याला पन्नाशी-साठीची बरीच अनोळखी माणसं आली. त्यातला एक जण पडवीत जाऊन कोपऱ्यातल्या खांबाला पाठ लावून बसला. "माझी जागा हीच होती," म्हणाला. चहा दिला तर त्यानं पहिल्यांदा विचारलं, "सगळ्यांना मिळाला का?"

यंदा जूनमध्ये एक बाई लेकीला घेऊन आली. कागद काहीच नाही. मी रजिस्टर मिटलं, तिला खुर्ची दिली आणि विचारलं, "पोळ्याच्या आधी का नंतर?"