डिजिटायझेशनच्या कामात येताय? आधी 'पिक्चर ऑस्ट्रेलिया' समजून घ्या

बी.लिब. ही ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन आमच्या छायाचित्र विभागात येणारी मुलं पहिला प्रश्न स्कॅनरचा विचारतात. किती डीपीआय? टिफ की जेपेग? मी त्यांना आधी 'पिक्चर ऑस्ट्रेलिया'बद्दल सांगते. ही सेवा बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण आपल्या कामाचा गाभा मला तिच्यातच सापडला.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ती २००० साली सुरू केली. गूगलचा चित्रशोधसुद्धा त्यानंतर, २००१मध्ये आला. देशभरातल्या ग्रंथालयांची, संग्रहालयांची, अभिलेखागारांची छायाचित्रं आणि रेखाटनं एकाच ठिकाणी शोधता यायची. चित्र मात्र ज्याचं त्याच्याकडेच राहायचं. कॅनबेराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गोळा व्हायची ती फक्त नोंद: शीर्षक, कर्ता, तारीख, विषय, मूळ पानाचा दुवा. थंबनेलवर क्लिक केलं की वाचक थेट त्या संस्थेच्या पानावर पोचायचा. त्यामुळे छोट्या संस्थेचा संग्रहसुद्धा मोठ्या ग्रंथालयाच्या शेजारी दिसू लागला. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

हे जमलं ते डब्लिन कोअर या नोंदी लिहिण्याच्या पंधरा घटकांच्या सामायिक साच्यामुळे. सगळ्यांच्या नोंदी त्याच पंधरा घटकांत बसवल्या जायच्या. २०१२मध्ये ही सेवा त्याच ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह' या शोधसेवेत विलीन झाली. जुना पत्ता गेला, पण नोंदी एका सामायिक साच्यात होत्या म्हणून नव्या घरात सहज नांदल्या. सॉफ्टवेअर दर काही वर्षांनी बदलतं. तुम्ही आज लिहिलेली नोंद त्याच्यापेक्षा जास्त जगणार आहे, या जाणिवेनं ती लिहा.

नोंद लिहिणं शिकायला वेळ लागतो आणि तो द्यायलाच हवा. समजा, मिरवणुकीचा एक जुना फोटो हातात आला. 'जुना फोटो, मिरवणूक' एवढ्यावर तो कुणालाच सापडणार नाही. फोटोच्या मागे काय लिहिलंय, स्टुडिओचा शिक्का आहे का, पाटीवर कुठली अक्षरं वाचता येतात, हे सगळं बघा. मागचा मजकूर जसाच्या तसा उतरवा, तुमचा तर्क वेगळ्या रकान्यात लिहा. साल नक्की नसेल तर 'अंदाजे' लिहायला संकोचू नका. खोटी अचूकता पुढच्या संशोधकाला वर्षानुवर्षं चुकीच्या वाटेला लावते.

ब्रिटिश काळातल्या कित्येक छायाचित्रांवर माणसाचं नावच नसतं, फक्त जातीचं लेबल असतं. ते मूळ शीर्षक पुसायचं नाही, कारण तोही पुरावा आहे. पण ते अवतरणचिन्हांत ठेवून खाली आपलं वर्णन द्या, आणि त्या समाजातल्या जाणत्यांना विचारून द्या. ट्रोव्हवर आदिवासी आणि टॉरेस सामुद्रधुनी बेटांवरच्या लोकांसाठी सूचना असते, की इथे मृत व्यक्तींच्या प्रतिमा असू शकतात. फोटोतल्या माणसांचे वंशज हेही आपले वाचक आहेत, हे ज्या संस्थेला कळलं तिचं काम मला आदर्श वाटतं.

हक्कांचा अभ्यास मात्र टाळू नका. ऑस्ट्रेलियात १९५५पूर्वी काढलेली छायाचित्रं कॉपीराइटमुक्त आहेत. आपल्याकडे २०१२च्या कायदादुरुस्तीपर्यंत छायाचित्राचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं टिकायचा; आता तो छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. प्रिंट आपल्या कपाटात आहे म्हणून ती छापण्याचा हक्क आपला होत नाही.

आणि दुवे! संस्थेनं वेबसाइट बदलली की हजारो नोंदी एका रात्रीत निराधार होतात. प्रत्येक चित्राला कायमचा क्रमांक द्या आणि तो फाइलच्या नावातही ठेवा.

सराव घरीच सुरू होतो. डिजिटल संग्रह सांभाळणारं डीस्पेस हे सॉफ्टवेअर मोफत आहे. ते जड वाटलं तर साधी एक्सेल शीटही पुरते. घरातल्या अल्बममधले थोडे फोटो घ्या, पंधरा घटकांचे रकाने आखा, आजी-आजोबांना विचारून भरा. मुलाखतीला जाताना ती शीट सोबत न्या. मी उमेदवाराची प्रमाणपत्रं बघण्याआधी ती मागते.