सागरशास्त्राला जाताय? आधी बीएस्सीचे विषय बघा

बेळगाव-खानापूरकडच्या पोरानं सागरशास्त्राचं नाव काढलं की घरचे विचारतात, ‘जहाजावर जाणार काय?’ मर्चंट नेव्हीचा इथं काही संबंध नाही. ‘मरीन कोर्स’ म्हणून पैसे भरून घेणाऱ्या एजंटाला दारात उभं करू नका.

खरी गोची बारावीनंतरच्या फॉर्मात आहे. समुद्र म्हणजे मासे, म्हणून आपल्याकडे बीएस्सीला सरसकट सीबीझेड (रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र) घेतात. मलाही सरांनी तेच सांगितलं होतं. पण सागरशास्त्राच्या वाटा चार: भौतिक, रासायनिक, जैविक आणि भूशास्त्रीय. प्रवाह, लाटा, भरती-ओहोटी, वादळाचा अंदाज हे सगळं भौतिकमध्ये, आणि तिथं गणिताशिवाय पान हलत नाही. हैदराबादची इन्कॉइस ही सागरी माहिती देणारी सरकारी संस्था मासळी कुठं सापडेल ते मच्छीमारांना कळवते, तेही उपग्रहानं टिपलेलं पाण्याचं तापमान आणि क्लोरोफिल (सूक्ष्म शेवाळातलं हरितद्रव्य) बघून. मासळीचंच काम, पण सगळी आकडेमोड! पुढं नेटचे, म्हणजे प्राध्यापकी आणि संशोधनासाठीच्या राष्ट्रीय परीक्षेचे, पेपरही वेगळे; जैविकवाले लाइफ सायन्सेस देतात, भौतिकवाले अर्थ सायन्सेस (पृथ्वीविज्ञान). आणि मत्स्य खात्यात अधिकारी व्हायचं असेल तर एमएस्सीच्या मागं न लागता बारावीनंतरच बीएफएससी (मत्स्यशास्त्राची पदवी) बघा. मंगळूरला मत्स्य महाविद्यालय आहे, प्रवेश केसीईटी या कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेतून. शेतकऱ्यांच्या मुलांना त्यात कोटा असतो, आणि आपल्या खेड्यांत हे कुणी सांगत नाही याचा मला अजून राग येतो.

सीबीझेड झालंच असेल तर धीर सोडू नका. कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्र विभाग कारवारला आहे. चोर्ला घाट उतरला की गोवा विद्यापीठ, शेजारी दोना पावलाला एनआयओ, म्हणजे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय सागरविज्ञान संस्था. स्कूबा डायव्हिंगच्या सर्टिफिकेटवर पैसे घालण्याआधी संख्याशास्त्र आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिका.

समुद्र लांब म्हणून कमीपणा मानू नका. म्हादई खानापूर तालुक्यातच उगम पावते आणि पणजीपाशी मांडवी होऊन समुद्राला मिळते. पावसाळ्यात तिथल्या खाडीचं पाणी किती गोडं होईल, हे आपल्या डोंगरातल्या पावसावर ठरतं.

नोकरीचं स्पष्ट सांगते: कायम पदं थोडी. सुरुवात बहुतेक प्रोजेक्टवर, करार संपला की दुसरा शोधायचा. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. बंदरांचे पर्यावरण अहवाल करणाऱ्या कंपन्या आणि मासळी निर्यात इथंही काम मिळतं. पीएचडीचा गाइड निवडताना नावाला भुलू नका. नमुने घ्यायला स्वतः बोटीत बसणारा गाइड धरा. तो कोण, हे विभागात जाऊन विद्यार्थ्यांनाच विचारा, आणि प्राध्यापकांना त्यानंतर भेटा.