संरक्षित वास्तूच्या शेजारी घर वाढवताय? या चुका टाळा

शनिवारवाड्यासारख्या केंद्र-संरक्षित वास्तूंच्या आसपास ज्यांची घरं आहेत, त्यांच्या बांधकाम परवानगीच्या फाइली तयार करण्यात माझी बरीच वर्षं गेली. माणसं बदलतात, चुका त्याच. प्रत्येकाला वाटतं, आपली एकच तर खोली आहे, कोण बघतंय! बघतात.

सगळ्यात जास्त घोळ अंतराचा. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली बदल झाले. त्यानुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि तिथून पुढे आणखी २०० मीटर विनियमित क्षेत्र. म्हणजे एकूण ३०० मीटर. लोक २०० वर हिशोब बंद करतात आणि आपण सुटलो म्हणून पेढे वाटतात. पहिल्या १०० मीटरांत नवीन बांधकाम नाहीच. आडवी वाढ नाही, उभीही नाही. पुढच्या पट्ट्यात बांधता येतं, पण आधी ना हरकत प्रमाणपत्र घेऊन.

हे अंतर मोजायचं कुठून, इथे भलेभले चुकतात. एका कुटुंबाला मुलाच्या लग्नाआधी वर खोली काढायची होती. घरातल्या कुणीतरी मोबाइलवर वास्तूच्या दरवाज्यापासून गल्लीगल्लीने अंतर मोजलं, ते १३० मीटरच्या आसपास भरलं. तेवढ्या भरवशावर सळई आली, ठेकेदाराला उचल दिली गेली आणि मग कागद करायला माझ्याकडे आले. मी विचारलं, “काका, दरवाज्यापासून का मोजलंत?” म्हणाले, “मग कुठून मोजायचं? आत जायचा रस्ता तोच आहे!” रस्त्याचा इथे काही संबंध नाही. संरक्षित हद्दीची जी कड तुमच्या घराला सर्वांत जवळ असेल तिथून, सरळ रेषेत, चारी दिशांना मोजतात. त्या वास्तूची हद्द मागच्या बाजूला पडक्या भिंतीपर्यंत गेलेली होती आणि यांचं घर नेमकं तिकडेच. रीतसर मोजणी झाली तेव्हा अंतर १०० च्या आत आलं. खोलीचा विषय संपला. सळई अंगणात गंजली, उचल काही परत आली नाही, आणि वर्षभर मी भेटलो की काकू मान वळवायच्या, जणू हद्द मीच आखली होती.

म्हणून माझी सवय सांगतो. पहिल्या भेटीत मी प्लॅनवर बोलतच नाही. आधी मिळकत पत्रिका, सिटी सर्व्हेचा नकाशा आणि संरक्षित हद्दीचा नकाशा टेबलावर. अंतर ९५ ते १०५ च्या दरम्यान वाटलं, तर फोनवरचा नकाशा बंद करून सर्व्हेअर बोलवायचा. त्याची फी जड वाटत असेल तर सळईचा भाव आठवा.

दुसरी चूक जाणूनबुजून केली जाते, म्हणून तिचा जास्त राग येतो. अर्जात लिहायचं ‘दुरुस्ती’ आणि चढवायचा मजला. प्रतिबंधित क्षेत्रात दुरुस्तीला परवानगी मिळते हे खरं, पण घर १६ जून १९९२ पूर्वीचं असावं लागतं, किंवा नंतरचं असेल तर तेव्हा रीतसर मंजुरी घेऊन बांधलेलं. त्यासाठी जुन्या घरपट्टीच्या पावत्या, वीजबिलं जपून ठेवा. आजोबांनी ट्रंकेत ठेवलेली ती पिवळी पडलेली कागदं दिवाळीच्या साफसफाईत फेकणाऱ्यांना मी काय म्हणावं? आणि दुरुस्ती म्हणजे दुरुस्तीच: कौलं, वासे, गिलावा, गळती. जुनं पाडून त्याच मापात पुन्हा उभारलं तरी कायद्याने ते पुनर्बांधकाम होतं, दुरुस्ती नव्हे. “आतून करून देतो” म्हणणारे एजंट हा फरक सांगत नाहीत, कारण पकडलं गेल्यावर नाव मालकाचं लागतं. प्रतिबंधित क्षेत्रात बांधकाम केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. विनियमित क्षेत्रात विनापरवाना बांधलं तरी शिक्षा तेवढीच.

उंची लिहिताना स्लॅबपाशी थांबू नका. जिन्याची खोली, पॅरापेट म्हणजे गच्चीचा कठडा, पाण्याची टाकी, सगळं धरून एकूण उंची मोजली जाते. अर्जात एक आकडा, सेक्शनमध्ये म्हणजे घराच्या उभ्या छेदाच्या नकाशात दुसरा, अशा फाइली त्रुटी लागून परत येतात आणि मग ‘सरकारी काम’ म्हणून बोटं मोडली जातात. मी नकाशावर टाकी आधी रेखाटतो, मग खाली मजले बसवतो. माझे विद्यार्थी हसतात, हसोत.

फोटो चारी बाजूंचे आणि आजचे द्या. मिळकत पत्रिकेवर वारलेल्या आजोबांचं नाव असेल तर आधी वारसनोंद. वास्तू केंद्राच्या यादीत आहे, राज्याच्या की महापालिकेच्या वारसा यादीत, हे आधी पाहा. तिन्हींचे नियम आणि दारं वेगळी.

घाई करणाऱ्यांसाठी कायद्यातलंच वेळापत्रक. सक्षम प्राधिकाऱ्याने, म्हणजे असे अर्ज घेणाऱ्या अधिकाऱ्याने, अर्ज १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत शिफारस कळवायची, त्यानंतर महिन्याभरात निर्णय. हे सगळं अर्ज पूर्ण असेल तर. त्यामुळे “मुहूर्त पुढच्या महिन्यात आहे” म्हणणाऱ्याला मी सरळ सांगतो, मुहूर्त बदला.

आणि ना हरकत हातात आली की कुदळ मारायची नाही. ती फक्त स्मारकाच्या बाजूने आहे. महापालिकेची बांधकाम परवानगी वेगळी घ्यावी लागते, आणि तिथे दाखल होणारा नकाशा ना हरकतीतल्या नकाशाशी तंतोतंत जुळला पाहिजे. मध्येच बायकोने गॅलरी दीड फूट वाढवायला सांगितली असेल, तर ती नव्या अर्जात.