नाजूक पोटाच्या कुत्र्यासाठी प्रोबायोटिक आणि परवडणारं खाणं कसं निवडावं

कुत्र्याचं पोट वारंवार बिघडत असेल तर सगळ्यात जास्त पैसे जातात ते घाईपायी. सोमवारी जुलाब, मंगळवारी नवी पिशवी, गुरुवारी प्रोबायोटिकची (पोटाला उपयोगी जिवंत जिवाणूंची) पावडर. आठवड्याने शी घट्ट झाली तरी ती कशामुळे झाली हे कोणालाच सांगता येत नाही, आणि मग दोन्ही गोष्टी कायमच्या विकत घ्याव्या लागतात. म्हणून पुढचा सगळा क्रम एका नियमावर बेतलेला आहे: एका वेळी एकच बदल, आणि त्याचा परिणाम किती दिवस पाहायचा हे सुरुवात करण्याआधी ठरवायचं.

आधी पशुवैद्य, मग दुकान

ताज्या शीचा नमुना तपासून घ्या. जंत किंवा जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) असेल तर कितीही महागडं खाणं आणलं तरी जुलाब थांबणार नाहीत. खाज हीच मुख्य तक्रार असेल तर पिसवा आणि खरूज आधी तपासावी. शीत रक्त, सतत उलट्या, मरगळ, वजन उतरणं किंवा चोवीस तास अन्नाला तोंड न लावणं यातलं काही दिसलं तर घरचे प्रयोग बंद करून लगेच दवाखान्यात न्या. लहान पिल्लाच्या बाबतीत तर एक दिवसही थांबू नये, कारण पिल्लाच्या अंगातलं पाणी फार लवकर कमी होतं.

दोन आठवड्यांची वही

खाणं आहे तेच ठेवा आणि रोज नोंद करा: काय खाल्लं, किती ग्रॅम, किती वेळा शी केली आणि कशी. शीसाठी सात अंकी मोजपट्टी वापरतात. १ म्हणजे कडक खडे, २ म्हणजे आकार धरलेली आणि सहज उचलता येणारी, ७ म्हणजे निव्वळ पाणी. उचलल्यावर गवतावर किंवा फरशीवर डाग उरतो का तेही लिहा. आकार बरा दिसत असला तरी डाग उरू लागला की घसरण सुरू झाली असं समजा. पंजे चाटणं, कान लाल होणं, पोटात गुडगुड यांचीही नोंद हवी. कंटाळवाणं वाटलं तरी ही वही सोडू नका. नंतर प्रोबायोटिकने फरक पडला की नाही, याचं उत्तर तिच्यातूनच मिळतं.

कोणता घटक सोसत नाही ते शोधणं

अन्नाची अ‍ॅलर्जी ठरलेल्या कुत्र्यांच्या प्रकाशित नोंदी एकत्र पाहिल्या, तर बीफ सुमारे ३४ टक्के, दूध १७, चिकन १५ आणि गहू १३ टक्के असा क्रम लागतो. म्हणजे दोषी बहुधा प्राणिज प्रथिनं असतात. ‘ग्रेन-फ्री’ पिशवीत धान्य नसतं, चिकन मात्र बहुधा असतं, त्यामुळे तिचा बहुतेकांना उपयोग होत नाही. शिवाय वाटाणा, मसूर भरपूर असलेल्या अशा खाण्यांचा हृदयाच्या स्नायूच्या आजाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) २०१८ साली जाहीर केली होती. केस, लाळ किंवा रक्त पाठवून करायच्या ‘फूड अ‍ॅलर्जी टेस्ट’वर पैसे घालवू नका, त्यांचे निकाल विश्वासार्ह नसतात.

खात्रीचा मार्ग एकच, तो म्हणजे वर्ज्य आहार. कुत्र्याने आजवर न खाल्लेलं एकच प्रथिन असलेलं, नाहीतर हायड्रोलाइज्ड (प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं) खाणं द्यायचं आणि त्याशिवाय काहीही नाही. पोटाची तक्रार साधारण २ ते ३ आठवड्यांत निवळते. त्वचेसाठी पूर्ण ८ आठवडे द्या. अन्नाची अ‍ॅलर्जी असलेल्या ९० टक्क्यांहून अधिक कुत्र्यांमध्ये तेवढ्या काळात सुधारणा दिसते. इथे फसतं ते बारीक गोष्टींमुळे: मांसाच्या चवीची जंताची गोळी, चवदार टूथपेस्ट, गोळी लपवायला दिलेला चीजचा तुकडा, मुलाच्या ताटाखालचा घास. असा एक घास सहा आठवड्यांची मेहनत वाया घालवू शकतो, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. साध्या दुकानी ‘लिमिटेड इन्ग्रेडियंट’ (मोजकेच घटक असलेल्या) पिशव्यांमध्ये लेबलवर नसलेली प्रथिनं अनेकदा सापडली आहेत, म्हणून या काळापुरतं पशुवैद्याने सुचवलेलं खाणंच घ्यावं.

ते महाग असतं. पण ते जन्मभरासाठी नसतं, आणि खर्च वाचतो तो इथेच. लक्षणं निवळली की जुनं खाणं पुन्हा देऊन पाहा. अ‍ॅलर्जी असेल तर बहुधा दोन आठवड्यांच्या आत त्रास परततो. परतला तर पुन्हा वर्ज्य आहारावर आणा, कुत्रा शांत झाला की एकेक घटक (साधं उकडलेलं चिकन, मग दूध, मग गहू) प्रत्येकी दोन आठवडे द्या. दोषी घटक सापडला की तो नसलेलं साधं, स्वस्त खाणं चालतं.

पिशवीची खरी किंमत

लेबलवर ‘पूर्ण आणि संतुलित’ आहार असा स्पष्ट उल्लेख हवा, बहुधा आफ्को (अमेरिकेतली) किंवा फेडिआफ (युरोपातली) या पशुखाद्य संस्थांच्या मानकांचा हवाला देऊन. ‘पूरक आहार’ लिहिलेलं एकट्याने पुरत नाही. पुढच्या बाजूचं चित्र सोडा, मागची घटकयादी वाचा. अमेरिकी नियमात ‘विथ लॅम्ब’ म्हणायला ३ टक्के लॅम्ब पुरतं. उरलेल्यात चिकन असू शकतं.

आता हिशेब. किलोमागची किंमत फसवते, कॅलरीमागची फसवत नाही. आरामात असतानाची रोजची गरज ७० × (वजन किलोत)^०.७५ एवढी धरतात. १० किलोच्या कुत्र्यासाठी ती सुमारे ३९४ किलोकॅलरी येते. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी तिला १.६ने गुणायचं, म्हणजे सुमारे ६३०. किलोला ३५०० किलोकॅलरी असलेलं खाणं त्याला रोज १८० ग्रॅम लागेल, ४२०० असलेलं १५० ग्रॅम. १२ किलोची पहिली पिशवी सुमारे ६७ दिवस जाईल, दुसरी ८० दिवस. पिशवीच्या किमतीला या दिवसांनी भागा आणि मगच तुलना करा. हा आकडा फक्त सुरुवातीचा आहे. दर दोन आठवड्यांनी वजन करून तो जुळवून घ्या.

पण १० किलोच्या कुत्र्यासाठी १२ किलोची पिशवी घेऊच नका. उघडलेलं कोरडं खाणं चार ते सहा आठवड्यांत संपावं. त्यानंतर त्यातली चरबी खवट होते, आणि साठवणीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) वाढले तर अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याची खाज वाढू शकते. मोठ्या पिशवीवर मिळालेली सूट अशीच निघून जाते. खाणं मूळ पिशवीतच, तोंड घट्ट बंद करून, थंड कोरड्या जागी ठेवा.

घरी शिजवलेलं स्वस्त पडेल असं वाटतं. मात्र कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली २०० घरगुती पाककृती तपासल्या, तेव्हा त्यांपैकी ९५ टक्क्यांत किमान एका आवश्यक पोषकाची कमतरता होती. चार दिवसांच्या जुलाबापुरतं मऊ खाणं ठीक. महिनोन्‌महिने घरचं द्यायचं असेल तर पशु-पोषणतज्ज्ञाकडून प्रमाणं लिहून घ्या.

नेहमीचं खाणं बदलताना ७ ते १० दिवस घ्या, नाजूक पोटाला १४. पाव भाग नवं, मग अर्धं, मग पाऊण. मध्येच शी पातळ झाली तर आदल्या टप्प्यावर या आणि तिथे तीन दिवस थांबा.

प्रोबायोटिक

ते सुरू करा खाणं स्थिरावून किमान दोन आठवडे झाल्यावर. वर्ज्य आहार चालू असेल तर विशेष जपा: कुत्र्यांच्या बऱ्याच पावडरींत चवीसाठी यकृत किंवा प्राणिज प्रथिनाचा अर्क असतो. कुत्रा आवडीने चाटतो आणि आहाराची परीक्षा तिथेच बिघडते.

लेबलवर जिवाणूचं नुसतं नाव नको, स्ट्रेनही (त्या जिवाणूचा नेमका उपप्रकार) हवी. एन्टेरोकॉकस फेशियम एसएफ६८ हीच स्ट्रेन काही ठिकाणी एनसीआयएमबी १०४१५ म्हणून लिहिलेली दिसते. कुत्र्यांवर ती अभ्यासलेली आहे. सीएफयूचा (जिवंत जिवाणू मोजायचं एकक) आकडा बनवतानाचा आहे की मुदत संपेपर्यंतचा, ते पाहा. पहिला कामाचा नाही, कारण साठवणीत जिवाणू मरत जातात. मोठा आकडा म्हणजे चांगलं उत्पादन असंही नाही. एसएफ६८चं नेहमीचं प्रमाण दिवसाला १० कोटी सीएफयूच्या आसपास असतं. खर्च काढताना डबीची किंमत पाहू नका. तुमच्या कुत्र्याच्या वजनाला लागणाऱ्या चमच्यांवरून डबी किती दिवस पुरते ते मोजा.

माणसांसाठीच्या चघळायच्या गोळ्या देऊ नका. त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरलं जाणारं गोड द्रव्य) असेल तर कुत्र्याची रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते आणि यकृतालाही इजा होऊ शकते. दही फुकटातलं प्रोबायोटिक वाटतं, पण त्यात कोणता जिवाणू किती हे कळत नाही, आणि दूध तर वरच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर आहे.

पाव मात्रेने सुरुवात करा, तीन-चार दिवसांनी अर्धी, मग पूर्ण. सुरुवातीला थोडा गॅस होतो. मूठभर खाण्यावर पावडर टाकून ते आधी संपवू द्या, म्हणजे ती भांड्याच्या तळाला चिकटून वाया जात नाही. गरम खाण्यात मिसळू नका, जिवाणू मरतात. अँटिबायोटिक चालू असेल तर दोघांत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्या कुत्र्याला पशुवैद्याला विचारूनच द्या.

चार आठवड्यांनी वही उघडा. आकडे सुधारले नसतील तर बंद करा. सुधारले असतील तर दोन आठवडे थांबवून पाहा. शी तशीच चांगली राहिली तर पुढची डबी आणायची गरज नाही. वारंवार थोडी थोडी, शेंबडासारखा चिकट स्राव असलेली शी होत असेल, तर डबीआधी इसबगोल करून पाहण्यासारखं आहे: १० किलोच्या कुत्र्याला रोज अर्धा लहान चमचा, पाण्यात भिजवून, शिवाय प्यायला भरपूर पाणी. चार-पाच दिवसांत फरक पडला तर तोच चालू ठेवा.