पायपुसण्याचा डमरू होऊ देऊ नका

चौकटीवर चिंध्यांचं पायपुसणं विणायचा वर्ग लागला की पहिल्याच दिवशी दिसतं, ज्यांचा हात वाकळ शिवण्यात मुरलाय त्याच मावशींची कड सगळ्यात आधी आत जाते. वाकळीला दर टाक्याला दोरा ओढून घ्यावा लागतो. तीच सवय इथं घात करते.

या विणीत दोन पट्ट्या उभ्या ताण्याच्या, म्हणजे चौकटीच्या वरच्या-खालच्या खिळ्यांवर ताणून बसवलेल्या कापडाच्या, पुढून-मागून जातात आणि दर ताण्यानंतर एकमेकींना पीळ घालतात. म्हणजे पट्टी नागमोडी चालते, आणि तिला चौकटीच्या रुंदीपेक्षा जास्त लांबी लागते. ओढून सरळ केली की कडेचे ताणे आत सरकतात. एका ओळीत ते डोळ्यांना कळत नाही, दहा ओळींत अर्धा इंच गेलेला असतो.

एका बचत गटाच्या वर्गात 24 बाय 36 इंचांच्या चौकटीवर हेच झालं. निम्म्यावर रुंदी साडेवीस इंच भरली. शेजारणीनं टोकलं, तर उत्तर आलं, ‘‘धुतल्यावर सैल हुतंय की, आक्का.’’ धुतल्यानं विणीची रुंदी परत येत नाही. खिळ्यांवरून काढल्यावर दोन्ही टोकं रुंद, कंबर बारीक, असा डमरू हातात आला. चौकटीवर असतानाच 14 इंच उसवलं असतं तर काम वाचलं असतं.

उपाय साधा आहे. चौकटीच्या दोन्ही बाजूंना वरून खालपर्यंत एकेक 6 एमएमची सळई बांधा. ओळ संपली की पट्टी कडेचा ताणा आणि सळई दोन्हींना मिळून वळसा घालून परत फिरवा. वळणात एक बोट अडकवून ठेवा आणि पुढचा पीळ पडल्यावरच काढा. चौकटीच्या रुंदीएवढी सुतळी कापून गळ्यात अडकवा आणि दर 5 ओळींनी विणीवर लावून बघा. पाव इंच कमी भरली तर तिथंच उसवा, पुढे रेटू नका. घट्टपणा हवाच, पण तो ओळ बोटांनी खाली दाबून आणायचा, पट्टी ओढून नाही.

दुसरी चूक पिळाच्या दिशेची. जाताना आणि येताना दोन्ही वेळा पीळ स्वतःकडेच घातला, तर लागोपाठच्या ओळी उलटसुलट तिरक्या पडतात आणि वेणीसारखी नक्षी उठते. पायपुसणंही सपाट बसतं. नवख्यांनी हीच रीत धरावी. गप्पांच्या नादात मध्येच एक ओळ उलट पिळली की नक्षी मोडते, आणि ती ओळ लांबूनही ओळखू येते. एका चौकटीवर दोघी बसणार असाल तर आधी दिशा ठरवा. एकीचा हात घट्ट आणि दुसरीचा सैल असेल तर एकत्र बसूच नका, पट्टेच पट्टे दिसतात.

लवकर उरकावं म्हणून रुंद पट्ट्या फाडणं ही निव्वळ घाई. जुन्या सुती चादरीची पट्टी दीड ते दोन इंच, पातळ लुगड्याची तीन इंच. पिळून बघा, पेन्सिलीएवढी जाडी आली पाहिजे.

ताण्याला टी-शर्टचं कापड नको. ते ताणून लागतं आणि चौकटीवरून काढलं की आकसून सगळं गोळा करतं.

नऊवारीची अख्खी लांब पट्टी वापरली की जोड कमी, असं वाटतं खरं, पण मोकळी टोकं एकमेकींत गुंततात. दोन मीटर पुरे.

जोडाला गाठ मारू नका, पायाला टोचते. दोन्ही टोकांना अर्ध्या इंचावर छोटी चीर द्या. जुन्या पट्टीचं टोक नव्या पट्टीच्या चिरेतून ओवा, मग नव्या पट्टीचं मोकळं टोक जुन्या पट्टीच्या चिरेतून काढून हळू ओढा. दोन्ही पट्ट्यांचे जोड एकाच जागी येऊ देऊ नका. डिंकानं चिकटवलेली टोकं पहिल्या धुण्यात सुटतात.

नवं सुती कापड आधी धुवा. रंग सुटणारं लाल वेगळं ठेवा.

विणताना दोन्ही टोकांकडून सुरू करून मधे या. खिळ्यांजवळची ओळ शेवटी घालायला गेलात तर बोट शिरत नाही. मधल्या शेवटच्या ओळींना दाभण घ्या, आणि जागा भरली असं वाटलं तरी ओळी दोन्हीकडे दाबून आणखी एक मावते का ते बघा. टोकं उभ्या ताण्यालगत दोन इंच आत खुपसा. हे सगळं झाल्यावरच सळया ओढून काढा आणि मग खिळ्यांवरून पायपुसणं उतरवा.