प्री-व्हेटसाठी मेजर निवडताना या चुका टाळा

भारतात बारावीनंतर नीट देऊन थेट बी.व्ही.एस्सी.ला जाता येतं. त्यामुळे अमेरिकेतल्या मराठी घरांतही मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, ठरलं की अर्धं काम झालं असं वाटतं. इथे तसं नाही. व्हेट स्कूल, म्हणजे पशुवैद्यकाचं शिक्षण, हा कॉलेजनंतरचा, बहुतेक ठिकाणी चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि प्रवेश देताना तिथे मेजरचं नाव नाही, तर ठरावीक कोर्स झालेत का ते पाहतात. ‘प्री-व्हेट’ म्हणजे व्हेट स्कूलची पूर्वतयारी; बहुतेक कॉलेजांत त्या नावाचं मेजरही नसतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नावाला भुलणं. घोडे आवडतात म्हणून इक्वाइन सायन्स, डॉल्फिन आवडतात म्हणून मरीन बायॉलॉजी. विषय चांगलेच आहेत, पण आधी व्हेट स्कूलं साधारण जे कोर्स मागतात त्यांचे क्रेडिट (कोर्सचं वजन सांगणारे आकडे) मोजा. जनरल केमिस्ट्री ८, ऑर्गॅनिक ८, बायॉलॉजी ८, फिजिक्स ८, बायोकेमिस्ट्री ३, जेनेटिक्स ३, मायक्रोबायॉलॉजी ४, फिजिऑलॉजी ४, स्टॅटिस्टिक्स ३, इंग्रजी ६. ढोबळ बेरीज ५५. पदवी साधारण १२० क्रेडिटची. बायॉलॉजी मेजरमध्ये यातलं बरंचसं आपोआप होऊन जातं. इक्वाइनमध्ये तबेल्याचं व्यवस्थापन, घोडेस्वारी, व्यवसायाचे कोर्स यांतच क्रेडिट संपतात, आणि ऑर्गॅनिक अनेकदा एकाच सेमिस्टरचं, वरवरचं असतं. ते बऱ्याच व्हेट स्कूलांना चालत नाही.

खरी अडचण साखळीची आहे. जनरल केमिस्ट्रीचे दोन भाग, मग ऑर्गॅनिकचे दोन, मग बायोकेमिस्ट्री: सलग पाच सेमिस्टर, एकही मागेपुढे करता येत नाही. पहिल्या वर्षाच्या फॉलमध्ये (ऑगस्टच्या सुमारास सुरू होणाऱ्या सेमिस्टरमध्ये) सुरुवात केली तर तिसऱ्या वर्षाच्या फॉलमध्ये बायोकेमिस्ट्री होते. व्हीएमकॅसचा (व्हेट स्कूलांच्या सामायिक अर्जप्रणालीचा) अर्ज तिसरं वर्ष संपल्यावर, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत भरायचा असतो. मेजरने ‘केमिस्ट्री दुसऱ्या वर्षी घ्या’ म्हटलं आणि मुलीने ऐकलं, की अर्ज भरताना बायोकेमिस्ट्री बाकीच. त्यासोबत फिजिक्सही राहिलेलं असतं. किती कोर्स बाकी चालतात यावर अनेक स्कूलांची मर्यादा असते. त्यात एखादा कोर्स फक्त फॉलमध्येच होत असेल आणि तो सोडावा लागला, तर अख्खं वर्ष गेलं. म्हणून मेजर जाहीर करण्याआधी एक तक्ता करा: आडवी सहा व्हेट स्कूलं, आपल्या राज्यातलं पहिलं, कारण सरकारी स्कूलं राज्यातल्या विद्यार्थ्यांना झुकतं माप देतात. उभे कोर्स, प्रत्येकाच्या चौकटीत आपल्या कॉलेजचा कोर्स क्रमांक. रिकाम्या चौकटी किती राहतात यावरून मेजर ठरवा. यूसी डेव्हिसला बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स आणि फिजिऑलॉजी वरच्या पातळीची लागते. अशा गोष्टी तक्त्यातच दिसतात.

दुसरी चूक: ‘अवघड मेजर घेतलं तर छाप पडेल.’ छाप पडत नाही, जीपीए (गुणांची सरासरी) पडतो. आणि तो सावरायला कोर्स पुन्हा घेतला तरी जुना गुण पुसला जात नाही. कॉलेज आपल्या जीपीएत सीच्या जागी ए धरेलही, पण व्हीएमकॅस दोन्ही धरतं: चार क्रेडिटच्या केमिस्ट्रीत आधी सी म्हणजे २.०, मग ए म्हणजे ४.०, हिशेबात ३.०. हे ऐकून ‘पटकन समर कोर्स करून टाकते’ म्हणणाऱ्या मुलांची मला काळजी वाटते. आठ आठवड्यांत ऑर्गॅनिक उरकणं फार थोड्यांना जमतं. घाई असेल तर समरमध्ये स्टॅटिस्टिक्स घ्या, साखळीतला कोर्स नको.

एपीचे (हायस्कूलमध्येच केलेल्या कॉलेज पातळीच्या कोर्सचे) क्रेडिट गृहीत धरू नका. कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) विषय आणि क्रेडिट लिहिलेले असावे लागतात, आणि काही ठिकाणी त्याऐवजी वरचा कोर्सच मागतात.

प्रीरिक्विझिट, म्हणजे प्रवेशासाठी लागणारे कोर्स, पास-फेल पद्धतीने (ग्रेडशिवाय) घेऊ नका. ऑनलाइन लॅब घेण्याआधी व्हेट स्कूलला विचारा.

मेजर सांभाळताना पशुवैद्यकाच्या हाताखालचे तास राहून जातात. घरचा कुत्रा सांभाळणं त्यात धरत नाहीत; पशुवैद्यकाशिवाय केलेल्या प्राण्यांच्या कामाला व्हीएमकॅसमध्ये वेगळा रकाना आहे. आठवड्याला चार तास पहिल्या वर्षापासून ठेवले तर एका सेमिस्टरच्या पंधरा आठवड्यांत साठ होतात, आणि शिफारसपत्र लिहिणारे डॉक्टर तुम्हाला ओळखू लागतात.

पहिल्या प्रयत्नात व्हेट स्कूलला प्रवेश मिळाला नाही तर याच पदवीवर काम शोधावं लागेल. मायक्रोबायॉलॉजी असेल तर प्रयोगशाळा आणि अन्नसुरक्षा, अ‍ॅनिमल सायन्स असेल तर पशुखाद्य आणि डेअरी. आपल्या मेजरला असं दार आहे का, हे अ‍ॅडव्हायझरला पहिल्याच भेटीत विचारा. आणि एखादा कोर्स चालेल की नाही याची शंका असेल तर कोर्स क्रमांक आणि अभ्यासक्रम जोडून व्हेट स्कूलच्या प्रवेश कार्यालयाला ईमेल करा, आलेलं उत्तर जपून ठेवा. फोनवरचं ‘चालेल बहुतेक’ अर्ज तपासताना कुणी धरत नाही.