गुडघ्याच्या ऑपरेशनची तयारी: आधी मांडी

रिपोर्ट, चालू औषधांची यादी, सोबतीला एक माणूस. हे तुम्ही कराल, त्यावर वेळ घालवत नाही.

गेल्या वेळी माझं राहिलं ते मांडीचं, म्हणून तेच आधी. तारीख ठरली की त्याच दिवशी फिजिओथेरपिस्टकडे जा, ऑपरेशननंतर नव्हे. गुडघा सुजला की मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारा संदेशच दबतो. आपण कितीही जोर लावला तरी तो धड आवळत नाही आणि बघता बघता मांडी बारीक होते. आधीच कमकुवत स्नायू घेऊन टेबलावर गेलात, तर नंतर पाय नुसता सरळ उचलायलाही झगडावं लागतं. गुडघा पूर्ण सरळ होतोय का, तेही आताच बघा. एसीएलच्या, म्हणजे गुडघ्यातल्या पुढच्या लिगामेंटच्या, ऑपरेशनआधी तो सरळ होत नसेल, तर नंतर आखडून राहण्याची भीती जास्त.

मुळात ऑपरेशन हवंय का, हे स्पष्ट विचारा. कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत थराला, रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे ती सहसा आपली आपण भरून येत नाही, हे खरं. पण म्हणून प्रत्येक झिजेवर दुर्बीण घालायची नसते. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१७ साली आलेल्या शिफारशीत झिजेच्या गुडघ्यावर दुर्बिणीचं ऑपरेशन करू नये, असंच म्हटलंय. तिथे व्यायाम आणि वजन कमी करणं हाच पहिला उपचार. ताज्या मोठ्या दुखापतीची गोष्ट वेगळी. स्टेरॉइडचं इंजेक्शन दुखणं काही आठवडे दाबतं, कूर्चा भरत नाही. अलीकडे घेतलं असेल तर तारखेसह सर्जनला सांगा. लपवू नका, संसर्गाचा धोका वाढू शकतो.

मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादीसारखी चकती, फाटली असेल तर ती शिवणार की फाटलेला तुकडा काढणार? उत्तर मिळाल्याशिवाय उठू नका. तुकडा काढला तर लवकर चालता येतं. शिवला तर काही आठवडे भार जपून. मायक्रोफ्रॅक्चर (कूर्चा गेलेल्या जागी हाडाला बारीक छिद्रं पाडणं) असेल तर बहुधा सहा ते आठ आठवडे कुबड्या. रजा त्या हिशेबाने टाका. कुबड्या आधीच आणा आणि जिना चढून-उतरून बघा. आणि मांडीचा व्यायाम? आजचा झाला का?

रक्त पातळ करायच्या गोळ्या आणि मधुमेहाची औषधं यांचं डॉक्टर सांगतील तसंच, स्वतःच्या मनाने काही बंद नाही. उपाशी किती तास राहायचं ते लिहून घ्या.

नंतर: बर्फ कापडात गुंडाळून. उशी टाचेखाली, गुडघ्याखाली अजिबात नाही. पोटरी सुजून दुखली, ताप आला, जखमेतून पू आला तर लगेच फोन. धाप लागली, छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत. एसीएल असेल तर नऊ महिन्यांच्या आत मैदान नाही, आणि तेव्हाही दोन्ही मांड्यांची ताकद मोजून घेतल्यावरच.